यंदाचा ताण

दादा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही विचारायचं असलं की मोसंबीत जाऊन उभं राहायचं ही माझी खोड गेली नाही. आज मात्र विचारायचं नाही, सांगायचंय, म्हणून लिहायला बसलोय. मला कॅन्सर निघालाय. घाबरू नका, मीही आता घाबरत नाही. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना प्रोस्टेट नावाची एक अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्यात आहे. अगदी कमी धोक्याचा आहे आणि तूर्त त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. ठरेपर्यंतचे दोन आठवडे मात्र मी फार भ्यालो होतो. तोंडात घास फिरायचा, आणि बागेत गेलो तरी झाडं दिसायची नाहीत.

जालन्याच्या डॉक्टरांनी सगळे कागद पुढ्यात पसरले. शेजारी तुमची सून, मागे पुण्याहून धावत आलेला तुमचा नातू. डॉक्टर म्हणाले, "हा फार हळू वाढणारा आहे. ऑपरेशन करता येईल, पण मग लघवीवर ताबा राहीलच असं नाही, आणि..." इथं त्यांनी सुनेकडे बघून घसा साफ केला. "किंवा आपण बारीक लक्ष ठेवू. ठरलेल्या महिन्याला रक्त तपासायचं, अधूनमधून एमआरआय, लागलं तर पुन्हा तुकडा काढून तपासायचा. वाढतोय असं दिसलं की तेव्हा उपचार." नातू म्हणाला, "काढूनच टाका ना पप्पा, विषय संपला." आणि तुमची सून म्हणाली, "कॅन्सर हाये अन् साधी गोळी बी न्हाई? असं कसं हो डॉक्टरसाहेब?"

'लक्ष ठेवू' हा शब्द ऐकला आणि मी एकदम माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात जाऊन पोचलो. मोसंबीला ताण दिलाय, पाणी तोडलंय, कारण झाड चांगलं तहानल्याशिवाय फुलावर येत नाही. पानं मलूल होऊन गळताहेत. तुम्ही रोज सकाळी ओळीओळीतून फिरताय, एखादं पान मुठीत चुरगाळून कानाशी नेताय, बुंध्याजवळची माती उकरताय, आणि घरी येऊन कुणाशी न बोलता चहा पिताय. मग एके दिवशी तुम्ही अंबडला बाजाराला गेलात, आणि संध्याकाळी परत आलात तर विहिरीवरची मोटार चालू आणि अर्धी बाग भिजलेली. "बटन कुणी दाबलं?" तुम्ही ओरडलात. मी पुढे झालो आणि मान खाली घातली. "राहवलं न्हाई व्हय तुला? आरं, पानी तोडलं म्हंजे म्या बाग सोडून दिली का? रोज चार चकरा मारून राह्यलो, ते काय गंमत म्हणून?" त्या वर्षी पालवी फुटली रग्गड, फूल म्हणाल तर औषधालाही नाही. पुढच्या वर्षी ताण दिलात तेव्हा सकाळच्या फेरीला तुम्ही सुनेलाही बरोबर न्यायला लागलात. आई कुरकुरायची, "नव्या पोरीला बांधानं काय फिरवून राह्यले?" तर तुम्ही म्हणायचात, "पान कसं बघायचं ते तिला बी यावं." त्या वर्षीच्या फुलाचा वास पार सडकेपर्यंत जायचा.

तर डॉक्टर म्हणाले, "काकू, तुमचं काय मत?" मला धास्ती वाटली. ती 'काढा' म्हणाली असती तर मी काढलं असतं, तिच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. चष्मा घरी राहिला होता, तरी तिने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "लक्ष ठेवायचं तर मंग बराबर ठेवायचं. एक बी तारीख चुकवायची न्हाई. हे चुकवतील, म्या चुकू देत न्हाई." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ह्या बारीला म्या बटन दाबत न्हाई." डॉक्टर कसलं बटन ते शोधायला लागले. मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. नातवाला वाटलं पप्पा खचले, तो प्यायचं पाणी आणायला धावला.

आता तपासणीच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्यात. पहिला रक्ताचा रिपोर्ट परवा आला, आकडा जिथल्या तिथे. तिने शिरा केला, मी दोनदा मागून घेतला. बाग यंदा अशी फुललीय की मधमाश्यांमुळे बोलणं ऐकू येत नाही. मी खूप सुखात आहे, दादा.

हे पत्र कुठे टाकणार? रिपोर्टांच्या फायलीतच राहील. पण एक कबूल करून टाकतो. त्या दिवशी मोटार मी चालू केली नव्हती. गळणारी पानं बघून ती सकाळपासून रडत होती, तिनेच केली. शिव्या मी खाल्ल्या आणि तुम्हाला फसवलं म्हणून आतून खूशही झालो. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं, म्हणूनच पुढच्या वर्षी तिला फेरीला नेत होतात, हे मला डॉक्टरांसमोर बसल्यावर कळलं.