लसींच्या फ्रीजची चावी

मंगळवार, महिनाअखेर. देऊळघाट.

उद्या बुलडाण्याला मुलाखत आहे आणि बायोडाटा अजून पुरा नाही. नणंद सुजाता मोबाइलवर टाइप करून देते आहे. सरकारी दवाखान्यात मी लस देते. अकरा महिन्यांचा करार, मग दोन दिवस ब्रेक, मग पुन्हा नवा करार. असे सहा झाले, सहावा आज संपला. सुजातानं सहाही वेगवेगळे लिहिले. वाचून माझंच डोकं फिरलं. वाटतं, ही बाई कुठं टिकतच नाही.

"मंग एकच ओळ टाकू का, वहिनी? ब्रेक कोणाले दिसते?"

"अन् त्यायनं ऑर्डरी मागितल्या तर? खोटी मीच पडीन."

पण खोटं नेमकं काय? ब्रेकमध्ये मी कागदावर कोणीच नसायची, तरी लसींच्या फ्रीजची चावी माझ्याच पर्समध्ये. लाइट गेली की फोनही मलाच. आणि मी जायची, बिनपगारी. बावळट कुठली.

शेवटी दवाखान्याचं नाव वर एकदाच लिहिलं, त्याखाली सहाही करार, तारखांसकट. ब्रेक दिसले तर दिसू देत.

सुजातानं विचारलं, "सातवा बी टाकू? ब्रेक झाला का भेटनच ना."

मी नको म्हटलं. काऊन, ते तिला सांगितलं नाही. घरात कोणालाच नाही.

आज दवाखान्यातून निघताना मोठ्या सिस्टरनी चावी मागून घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.