हातभर आतली रेघ

१२ जून

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बाबांची तब्येत ठीक आहे. सकाळी फिरून येतात आणि आमच्या नगरपालिकेने फुटपाथ कुठे कुठे उखडून ठेवलाय, याचा अहवाल मला चहाबरोबर देतात. बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्याने बापाला इतकं चालू देऊ नये, हे मला आता पटलंय.

खरी बातमी वेगळीच आहे. आपल्या समाजकेंद्राच्या हॉलची लाकडी जमीन बदलायचं काम माझ्याच टेबलावर आलं. परवा टेप घेऊन गेलो. खाली घरपट्टीची खिडकी, वर वाचनालय, सगळं तसंच आहे. हॉलमध्ये अजून मशीनच्या तेलाचा वास येतो. आपल्या लहानपणी इकडे बॅडमिंटन, मागच्या भिंतीशी आईचा शिवणवर्ग, आणि मध्ये गळ्यात शिट्टी अडकवलेले केंद्राचे व्यवस्थापक, म्हणजे आपले तीर्थरूप. बॅडमिंटनचं फूल मशीनवर जाऊन पडलं की आई ते टाचण्यांच्या डब्यात टाकायची आणि वर्ग सुटल्याशिवाय परत द्यायची नाही. एकटाच होतो म्हणून थोडा वेळ तिथे नुसता बसून राहिलो.

मग मापं घेतली. बबडे, आपलं कोर्ट आखूड आहे. दोन्ही टोकांची रेघ हातभर आत. पुन्हा मोजलं, तरी तेच. त्या रेघा बाबांनी स्वतः रंगवल्या होत्या. पाहुण्या संघांची फुलं आपल्याकडे सारखी बाहेर जायची आणि आपण म्हणायचो, यांना हात आवरत नाही. ते आठवून हसू आलं. मग तुझा शहरातला अंतिम सामना आठवला आणि हसू थांबलं. बाबांना यातलं काही बोललो नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, तुझा हक्क पहिला.

मेहुण्यांना नमस्कार, भाचीला पापा. लोभ आहेच, तो मधूनमधून पत्रातही दिसू दे.

तुझा दादा

२० जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. हे विचारत होते, माहेरी काही झालंय का. काय सांगणार, रेघ आत निघाली म्हणून?

त्या अंतिम सामन्यातल्या मुलीला मी आपल्या हॉलमध्ये दोनदा लोळवलं होतं, आठवतंय ना? शहरात मात्र माझा प्रत्येक उंच फटका तिच्या पुढ्यात पडायचा आणि ती तो ठोकायची. मला वाटलं, मोठ्या हॉलमध्ये आपलं अवसान गळालं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी स्वतःची समजूत घातली आणि रॅकेट माळ्यावर टाकली. पुढे लेकीने खेळायचा हट्ट धरला तेव्हा तिला चित्रकलेला घातलं. इतकी वर्षं मी स्वतःला भित्री समजले, दादा. मला राग आलाय आणि तो मी गिळणार नाही.

बाबांना मात्र सांगू नकोस. त्या कोर्टाचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा आपल्या दोघांचा मिळूनही नसेल. या वयात त्यांच्या जिवाला घोर नको. माझं मी बघीन.

वहिनीला नमस्कार. पत्र रागाचं आहे, त्यातला लोभ तेवढा वेचून घ्यावा.

तुझी बबडी

२७ जून

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायच्या आधीच घोळ झाला. जुनी जमीन उखडण्याआधी एकदा बघू दे म्हणून बाबा माझ्याबरोबर हॉलवर आले. कंत्राटदाराच्या माणसाने खरी रेघ कुठे येईल ते खडूने आखून ठेवलं होतं. बाबांनी दोन्ही रेघा पाहिल्या आणि आईच्या मशीन असायच्या त्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

तिथूनच सांगू लागले. तेव्हाच्या साहेबांनी म्हणे बजावलं होतं, कोर्ट आणि शिवणवर्ग दोन्ही मावत नसतील तर वर्ग बंद करा. बाबांनी रेघा आत घेतल्या आणि दोन्ही मावतंय असं कळवून टाकलं. आईला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. पोरं घटकाभर खेळणार, त्यांना हातभर जागेने काय फरक पडतो, असं वाटलं म्हणाले. तू तेव्हा रांगत होतीस. पुढे तू बाहेर जाऊन खेळशील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दिवसापासून ताटावर बसतात आणि दोन घास खाऊन उठतात. एकच विचारतात, रेघ बरोबर असती तर पोर जिंकली असती का. आणि तिला कळलंय का. नाही कळलं, असं मी ठोकून दिलं, पण इतकी वर्षं सरकारी नोकरी करूनही मला खोटं बोलता येत नाही, तेव्हा त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही. तुझा राग मला समजतो. तरी त्यांना काहीतरी लिही, जे तुला लिहावंसं वाटेल ते.

लोभ नेहमीचाच, सध्या जरा काळजी मिसळलेला.

तुझा दादा

४ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दादाने मला सगळं कळवलंय. तुमच्याशी खोटं बोलला म्हणून त्याच्यावर चिडू नका, त्याला ते बिचाऱ्याला जमतही नाही.

मला राग आला होता, हे लपवत नाही. पण आईच्या मशीनची धडधड ऐकतच मी खेळायला शिकले. धडधड थांबली की कळायचं, आई मान वर करून बघतेय. मग मी जास्तच जोरात मारायचे. तो वर्ग बंद झाला असता तर मी कुणाला दाखवायला खेळले असते? तुम्ही तिची जागा राखलीत ते बरं केलंत. तिला सांगितलं नाहीत तेही बरं केलंत, नाहीतर तिने स्वतःच मशीन उचलून बाहेर नेल्या असत्या.

आता अंतिम सामन्याचं. ती मुलगी माझ्यापेक्षा सरस होती, बाबा. आपल्या हॉलमध्येसुद्धा तिने मला दोनदा हरवलं होतं. तुम्ही तेव्हा आईच्या अडकलेल्या मशीनमध्ये डोकं घालून बसला होतात, म्हणून तुमच्या लक्षात नाही. रेघ कुठेही असती तरी मी हरलेच असते. दादाला विचारू नका, त्याला जुनं काही आठवत नाही.

पोटभर जेवत जा. आजवर केलात तेवढा लोभ पुढेही करा, कमी नको नि जास्त नको.

तुमची बबडी