माझे अठ्ठावीस मोती

६ जानेवारी

दोरा! शहात्तराव्या वर्षी नातीनं मला दोरा भेट दिला. मृण्मयी दातांची डॉक्टर होते आहे — तिसरं वर्ष — आणि घरात तिला गिऱ्हाईक मिळेना. इवलीशी डबी, आत मेण लावलेला दोरा, पुदिन्याचा वास.

‘आजोबा, रोज दोन दातांच्या फटीतून फिरवायचा. ब्रश तिथं पोचत नाही. तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं ना?’

म्हटलं, वीरांचं रक्त रणात सांडतं!

‘तुमचं बेसिनमध्ये सांडतं.’

आगाऊ! अक्कलदाढा सोडल्या तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मोती जागेवर आहेत. शाळेत असताना आम्ही लिंबाची काडी चघळत कविता पाठ करायचो. तोंडात कडू, कानात गोड. कुठं होता तेव्हा दोरा? (त्यातली निम्मी पोरं आज कवळीवर आहेत, हे खरं. पण मी नाही!)

८ जानेवारी

दोरा उपयोगी निघाला. मधुमालतीचा वेल गॅलरीच्या गजांना बांधून टाकला. सगळा संपला. वेलाला आता पुदिन्याचा वास येतो.

११ जानेवारी

दमयंतीची कवळी परत दुरुस्तीला. वर्षात दुसऱ्यांदा तडकली! वरण-भात खाणारी बायको, फोडते तरी काय कोण जाणे. जेवताना दोन ओळी सुचल्या —

दात गेले दुकानी, हसू राहिले घरी,
सांग सखे, चावशील आता काय तरी?

पदर तोंडाला लावून हसली. चाल फार छान बसली होती, दिवसभर म्हणत होतो.

आणि मी? भाकरी कटाकट चावतो. आमच्याकडची भाकरी चवीलाही गोड. मालदांडी ज्वारी!

१८ जानेवारी

दमयंती छावणी भागात राहणाऱ्या बहिणीकडं गेली, आठवडाभर. बहिणीचा गुडघा बदललाय. स्वयंपाक केसरबाई करणार. सहा वर्षं आमच्याकडं धुणीभांडी करते. ‘काका, उद्या माझ्या हातची भाकर खाऊन बघा. लई फुगती!’

१९ जानेवारी

फुगली. टम्म! चुलीपुढचे लहानपणीचे दिवस आठवले. डोळे मिटले, तुकडा मोडला, चावला — भाकरी हलली नाही. दात हलला! खालचा, अगदी पुढचा.

‘खडा लागला का काय? नाय वो, पीठ चाळून घेतलंय.’ मग तिनं कपाळाला हात लावला. ‘अगं बया, इसरलेच! बाई तुमचं पीठ येगळं भिजवित्यात. दुधात.’

‘दुधात?’

‘व्हय. मी आल्यापास्नं बघतीया. तरी कडा कडकच ऱ्हात्यात, त्या कापून घेत्यात. तुम्हाला ठाव नाय?’

दुधातली म्हणजे दशमी! सहा वर्षं मी दशमी खातोय आणि भाकरी म्हणून मिरवतोय. मालदांडी म्हणे!

कडांचं काय करते, विचारलं.

‘कावळ्याला घालीत असतील.’

२० जानेवारी

जीभ सारखी तिथंच जाते. हलतोय.

२२ जानेवारी

मृण्मयीनं क्रांती चौकाच्या पलीकडं तिच्या सरांच्या दवाखान्यात नेलं. सर बारीक सळई हिरडीत घालून एकेका दातापाशी आकडा सांगायचे, ती लिहून घ्यायची. ‘चार. पाच. पाच. सात!’ मी सुखावलो. सातला तर मान डोलावली. शाळेत कविता म्हणून दाखवली की असेच गुण पडायचे. शेवटी विचारलं, दहापैकी ना?

‘मिलिमीटर,’ सर म्हणाले. ‘हिरडी दातापासून सुटून किती खोल खड्डा झालाय, ते मोजलं. तीनपर्यंत ठीक असतं.’

एकही दात किडलेला नाही. पायाच गेलाय! आतलं हाड झिजलंय आणि ते परत भरून येत नाही. एक दात जाणार, दोन बेतात आहेत. बाकीचे ठेवायचे असतील तर हिरडीखालून सफाई, आणि रोज फटींतून दोरा.

‘दिला होता ना मी?’ मृण्मयी.

मधुमालतीला बांधला, म्हटलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

२३ जानेवारी

औषधाच्या दुकानातून नवी डबी आणली. आरशापुढं पाऊण तास! दोरा गुंडाळून बोटं निळी, लाळ मनगटापर्यंत. फटींतून जे निघालं त्याचा वास कुठल्याच वृत्तात बसत नाही. आणि रक्त.

बेसिन मी धुतलं. जन्मात पहिल्यांदा. इतकी वर्षं ते लाल कोण धूत होतं?

२५ जानेवारी

दमयंती आली. माझ्या ताटात गोल, बिनकाठाची दशमी. ती नेहमीसारखी आत, स्वयंपाकघरात जेवायला बसली. खिडकीत कावळा ओरडत होता. म्हटलं, घाल की त्याला कडा.

‘कसल्या कडा?’ तोंडात घास होता तिच्या.

उठून आत गेलो. कडा तिच्या ताटात होत्या. कवळी वाटीत काढून ठेवलेली. नुसत्या हिरड्यांनी चावत होती.

‘परत तडकली, तर तुम्ही परत कविता कराल.’

ताटं बदलली. त्या कडा मला चावेनात. वरणात बुडवल्या आणि भिजायची वाट बघत बसलो. तीही थांबली.