कामत सरांच्या नावावरच्या दोन ओळी

मंगळवार, ११ मार्च. लालबाग.

आज कोडमधल्या दोन ओळी काढल्या. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम फर्मवेअरकडून, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रॅमकडून, एक आकडा मागून घ्यायची आणि पुढे त्याचं काहीच करायची नाही. निव्वळ अडगळ. तीन वर्षांपूर्वीची, आणि माझीच.

आमच्यात पद्धत अशी की साफसफाई करताना ही अडगळ कोणाच्या बदलातून आली, ते बदलासोबतच्या टिपणात नावानिशी लिहायचं. जुन्या नोंदीत या दोन ओळींपुढे नाव कामत सरांचं आहे. तेव्हा मी नवीन होते. सर म्हणाले होते, "पहिल्याच खेपेला कोड तपासणारे तुला फाडून खातील. जाऊ दे माझ्या नावावर."

दिवाळीत सर गेले.

मी टिपणात एक वाक्य जास्तीचं घातलं होतं: चूक माझी होती, सरांची नाही. आमच्या टीम लीडने, प्रथमेशने, तेवढंच उडवलं. "अगं, दोन ओळींसाठी इतिहास कशाला? गेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार आहे?"

मी वाद घातला नाही. का नाही घातला? सुटल्यासारखं वाटलं, म्हणून. इथे तरी खरं लिहावं.

येताना सरांच्या चाळीत डोकावले. काकूंनी चहा टाकला. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या कामात यांचं नाव अजून येतं का गं कुठे?"

"येतं," मी म्हटलं. "आजच आलं."

काकू सरांच्या फोटोकडे वळल्या. "ऐकलंत? आजच आलं म्हणते."