ऐकणाऱ्यांचा प्रशिक्षक

४ जानेवारी २०२१, आइंडहोवन
कंपनीने नारळ दिला त्याला आज तीन महिने. खचलेलो नाही. इथल्या डच हॉस्पिटलांत, वृद्धाश्रमांत चॅपलिन असतात, म्हणजे देवधर्म न विचारता पेशंटशी बोलणारी पगारी माणसं. भारतीय पेशंट त्यांना कळत नाही. मी शिकवणार. शैलेंद्र कन्सल्टन्सी! पहिला कोर्स : ऐकण्याची कला. उत्तराला सांगितलं तर ती हसली. बायकोचं हसणं मनावर घ्यायचं नाही, असा संकल्प.

१२ जानेवारी
पहिली क्लायंट! मरायके, कापेल गावातल्या एका वृद्धाश्रमातली चॅपलिन. म्हणाली, कोर्सचं नंतर बघू, आधी आमच्या शैलाबाईंशी बोलाल का? वय ८६, डच पार विसरल्या, आता फक्त मराठी. कोविडमुळे भेटायला कुणाला सोडत नाहीत. आयती केस स्टडी. हो म्हणालो.

१४ जानेवारी, सकाळी ११
शैलाबाईंना टॅब्लेटवर कॉल. ऐकण्याच्या पाच पायऱ्या नीट समजावून सांगितल्या. त्या सारख्या मधे विचारत, आहेस ना रे? मला त्यांचा मुलगा अभिजित समजत होत्या. मरायकेने सांगितलं होतं, अभिजित गेल्या एप्रिलमध्ये वारला. मी गैरसमज दूर केला. या धंद्यात प्रामाणिकपणा हवाच. त्या रडत राहिल्या. वीस मिनिटं झाल्यावर कट केला.

२१ जानेवारी
शैलाबाईंना कोविड. मरायकेचा फोन : आता त्यांना बोलवत नाही, टॅब्लेट उशाशी ठेवते, तुम्ही नुसते लाइनवर राहा. म्हणालो, स्लाइड्स अर्धवट आहेत, उद्या नक्की. शिवाय 'नुसतं राहणं' कुठल्या पायरीत बसतं, तेही बघायला हवं.

२२ जानेवारी
सकाळी गेल्या. वय झालं होतं. माझा काही संबंध नाही.
स्लाइड्स पूर्ण.

२ फेब्रुवारी
हेडसेट बिघडला. कुणी बोलत नसलं की त्यातून बारीक आवाज येतो. आहेस ना रे? ब्लूटूथचा दोष. नवा मागवला.

८ फेब्रुवारी
बाहेर बर्फच बर्फ. सगळं चिडीचूप. नवा हेडसेटही तसलाच. उत्तराने कानाला लावून पाहिला, काही नाही म्हणाली. तिला म्हटलं, एकदा हाउसआर्ट्सकडून, आपल्या फॅमिली डॉक्टरकडून, कान तपासून घे.

९ फेब्रुवारी
हेडसेट ड्रॉवरमध्ये. आवाज आता स्वयंपाकघरात, नळ बंद केला की. संकल्प : घरात सतत काहीतरी चालू ठेवायचं. रेडिओ, मिक्सर, व्हॅक्युम क्लीनर. हे तंत्र आहे. भीती नव्हे.

१ मार्च
उद्या वेबिनार. तयारी उत्तम. जेवण जात नाही, ते एक्साइटमेंटमुळे.

२ मार्च, दुपारी ४
नऊ चॅपलिन आले. सहावी स्लाइड : दोन मिनिटं शांतता. मीच घातली होती. पंधरा सेकंद काढले. मग मोठ्याने म्हणालो, आहे, आहे, इथेच आहे. मराठीत. म्यूट करायचं राहिलं होतं.
मरायकेने बाकीच्यांना निरोप दिला. ती थांबली. तिने काही विचारलं नाही, नुसती बसून राहिली. मी चाळीस मिनिटं बोललो. कोर्सबद्दल एक शब्द नाही.
शेवटी तिने एवढंच विचारलं, शैलाबाईंचा चेहरा आठवतो का? नाही म्हणालो. त्या दिवशी त्यांच्याकडचा कॅमेरा मीच बंद ठेवायला सांगितला होता, कॉल अडकू नये म्हणून.
तिने त्यांचा फोटो पाठवलाय. अजून उघडलेला नाही.