कॅप्टनच्या घरात घासलेट

न्यू बेडफर्ड, ४ ऑक्टोबर १८५८
आज आलेलं: मैदा एक पिंप, सहा डॉलर. काकवी दोन गॅलन, ऐंशी सेंट. खारवलेला कॉड मासा, पन्नास सेंट. मिस्टर लेमुएल ट्रिप, फुकट.
घासलेट विकतो. आमचे कॅप्टन तेलासाठी चार-चार वर्षं देवमाशांमागे समुद्र पालथा घालतात, आणि हा कोळशातून काढलेलं तेल विकतो! वर आमच्या लेकीला, केझायाला मागणी. ह्यांना विचारल्याशिवाय काही होणार नाही, असं ठणकावलं. पॅसिफिकला निघालेल्या जहाजावर लगेच पत्र दिलं. उत्तर येईपर्यंत त्यानं उंबरा ओलांडायचा नाही. ठरलं.
केझाया म्हणाली, "आई, बाबांचं उत्तर येईतो तू आजी होशील." दुर्लक्ष केलं.

१३ डिसेंबर
उंबरा ओलांडला. पाण्याचा पंप गोठला होता, दुसरं कोण येणार? पंपापुरतंच.

११ जानेवारी १८५९
घासलेटचा दिवा ठेवून गेला. परत करणारच होते. हिशेब मांडला: निम्म्या खर्चात दुप्पट उजेड. उधळपट्टी हे पाप. ठेवला. दिवा ठेवला म्हणजे जावई ठेवला असं नव्हे. पडदे ओढून घेते. समोरच्या कॅप्टनीणबाईंना दिसायला नको.

२२ मार्च
तो आला की बैठकीत पहाऱ्याला बसते. नव्या उजेडात बायबलची बारीक अक्षरंही लख्ख. वाचनात इतकी गढले की दोघं स्वयंपाकघरात कधी गेली, कळलंच नाही. उद्यापासून कडक.

१४ जून
पत्र नाही. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, बायबलातल्या देवमाशानंसुद्धा गिळलेल्या योनाला तीन दिवसांत सोडलं. तुम्ही ह्या पोरांना किती दिवस धरणार?"
तात्पुरती संमती दिली. कॅप्टन नाही म्हणाले तर लग्न मोडायचं, असं केझायाला बजावलं. लगेच हो म्हणाली. गुणी पोरगी.

३ नोव्हेंबर १८६०
ह्यांचं पत्र आलं! गॅलापागोस बेटावर खलाशी ज्यात पत्रं टाकून जातात त्या टपालाच्या पिंपातून कुणा परतीच्या जहाजानं आणलेलं. दोनच ओळी: 'मुलगी त्याला मुळीच द्यायची नाही. घासलेट घरात आणायचं नाही.'
वाचताना मांडीवर नातू होता, चार महिन्यांचा.
ह्यांचा शब्द तो शब्द. बसल्या बैठकीला उत्तर लिहिलं:
'आपली आज्ञा शिरसावंद्य. फक्त बाळाला आपलंच नाव ठेवलं आहे, आणि रडू लागला की तो दिव्याकडे पाहूनच गप्प होतो. तरी आधी कोणाला घराबाहेर काढू, जावयाला की दिव्याला, ते उलट टपाली कळवावं.'