नाकातून गाणारा डबा

१८ सप्टेंबर, गुरुवार

तो आवाज आज ऐकला! तापकीर गल्लीत, भर दुपारी. मिक्सर दाखवायला गेले होते. दुकानदार म्हणाला, मोटर गेली, नवीन घ्या. या लोकांना सगळ्यावर एकच औषध ठाऊक. मिक्सर पिशवीत घालून निघाले, तर शेजारच्या दुकानातून टुंग-टुंग-टिडिंग. पाय थांबले.

ऋतुजाचा व्हिडिओ गेम! खडकीच्या क्वार्टरमध्ये अठरा-वीस वर्षं ते टुंग-टुंग भिंतीपलीकडून ऐकलं. मी आत तव्याशी, आणि बाहेरच्या खोलीत ही कार्टी. आणला होता इंद्रजीतसाठी. तो गेला बॅट घेऊन मैदानात, आणि चिकटली ती लेक. नोकरीला लागली, घोडी झाली, तरी सुटलं नाही. मी भिंतीवर लाटणं आपटायची – बंद कर ते! अर्धा मिनिट बंद. पुन्हा सुरू. हे कारखान्यातून सुटले की तिथेच बसायचे, पण लेकीला एक शब्द बोलतील तर शपथ.

दुकानात डोकावले. मालक रतन, पन्नाशीचा, केसांचा आंबाडा बांधलेला. ‘मावशी, नातवाला हवाय का?’ म्हटलं, नातवाला कोण विचारतंय. आणि घरी आले. वाघोलीपर्यंत बसमध्ये उभी. डोक्यात तेच.

१९ सप्टेंबर

गेम मीच घालवला. एकदा लिहून टाकते.

ऋतुजाने चेतनशी रजिस्टर लग्न केलं. आपल्यातला नाही. मी म्हणाले, या घरात तुझं आता काही नाही. मी नुसती बोलणारी बाई नव्हे. दुसऱ्याच दिवशी बोहारीण आली, तिच्यापुढे लेकीचे सगळे ड्रेस टाकले. बोहारीण पातेल्यावरचा हात सोडेना. ‘विटलेत बाई, यात वाटी मिळंल.’ म्हणून वर तो गेम ठेवला. वायरीसकट. पातेलं मिळालं. हे समोर बसले होते. काही बोलले नाहीत. हे कधीच काही बोलायचे नाहीत.

अकरा वर्षं झाली. ती खडकवासल्याच्या बाजूला राहते, मी इकडे लेकाकडे. पुणं एकच. हे गेले तेव्हा घाटावर आली, बापाच्या पाया पडली, माझ्याकडे न बघता गेली. मीही बघितलं नाही.

बघितलं.

२० सप्टेंबर

काही नाही. दूध उतू गेलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

ठरवलं. इंद्रजीत दर भाऊबीजेला ‘मित्राकडे’ जातो. कपाळाला कुंकू लावून परत येतो! कुठल्या मित्राने ओवाळलं, मी विचारत नाही. मी तोंड उघडलं की सून भांडी जोरात घासायला घेते. यंदा त्याच्या पिशवीत तो गेम घालायचा. आई ओवाळणी पाठवत नसते, माहीत आहे. शास्त्र मला शिकवू नये. तिची एक वस्तू तरी परत गेली, तर फोन लावायला मला तोंड राहील. नाहीतर आहेच, मी आणि वही.

रतनकडे गेले. म्हटलं, तो गेम द्या. म्हणे, कुठला? एका खेळाचे इतके अवतार असतात हे मला काय ठाऊक! कपाटातून काढत गेला, आणि काउंटर भरला.

एक लालपांढरा, जपानी. अस्सल, पहिला. त्याचे रिमोट डब्यालाच कायमचे जोडलेले, आणि एका रिमोटमध्ये बोलायला माइकसुद्धा! दुसराही जपानी, दहा वर्षांनी निघालेला – आटोपशीर, रिमोट सुटे, चित्र स्वच्छ. माइक मात्र काढून टाकला. सुधारणा म्हणजे काय, तर काहीतरी काढून घेणं. बाकीचे चार नकली. रतनने एकेकाचं पोट उघडून दाखवलं. अस्सलात किडे बसावेत तशा चिपाच चिपा. नकलीत नुसता डांबराचा एक थेंब. ‘सगळं त्या थेंबाखाली कोंबलंय मावशी. स्वस्तातलं काम.’

म्हणाला, तुमचा कसा दिसायचा? रंग आठवेना! सणासुदीला पुसलाय मी तो. पण फडका फिरवताना कोण बघतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

इंद्रजीतला सहज विचारलं, आपला गेम कुठल्या रंगाचा होता रे? म्हणाला, ‘काळा. नाही, राखाडी. तुला कशाला?’ म्हटलं, कोडं घालतेय. तो बघतच राहिला. सून आत भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

डोळ्यांना आठवत नाही, तर कानांना विचारू म्हटलं. रतनला सांगितलं, मी पाठ करून उभी राहते. तू पडद्यामागे एकेक लाव, तीच कॅसेट, आणि सांगू नकोस कुठला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, खीखी करायला लागली. म्हटलं, हसा. तुमच्या आईला तुमचा आवाज पाठमोरी ओळखता येतो का, घरी जाऊन विचारा.

पहिला लावला. सूर गोड, पण पळत सुटलेला. म्हटलं, हा नव्हे, याला गाडी गाठायचीय. रतन पडद्यातून बाहेरच आला. ‘मावशी, हा जपानी! त्यांच्या टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं, आपल्याकडे पन्नास. म्हणून तो फास्ट. कान आहे तुम्हाला!’ म्हटलं, दोन आहेत. पुढचा लाव.

दुसराही तसाच, पळणारा. तिसऱ्याची चाल बरोबर, पण गळा वेगळा. आमचा नाकातून गायचा, पडसं झाल्यासारखा. तेही रतनला कळलं. काही नकली डब्यांत सुरांची मापं उलटी बसवलेली असतात म्हणे, जाडा तिथे बारीक, बारीक तिथे जाडा. ‘तो दोष आहे मावशी. अस्सल घ्या, लेक खूश होईल.’

म्हटलं, अस्सल असेल. आमचा नव्हता.

चौथा नाही. पाचवा नाही. सहावा पेटलाच नाही. बिघडलेल्या आवाजाचा गेम मागणारी मी पहिलीच म्हणे त्याच्या दुकानात. बोर्ड लाव म्हटलं.

५ ऑक्टोबर

ती गॅलरीत उभी राहून केस विंचरायची. मी ओरडायची, स्वयंपाकात केस येतील. आता स्वयंपाकात केस येत नाहीत.

१३ ऑक्टोबर, सोमवार

भाऊबीज दहा दिवसांवर. रतनचा फोन नाही. मीच केला. ‘मावशी, लोकांच्या माळ्यांवर शोधतोय.’ म्हटलं, दिवाळीची साफसफाई सुरू आहे, आत्ता नाही निघायचा तर कधी?

सुनेने विचारलं, ‘आई, चकलीची भाजणी यंदा जास्त करायची का?’ जास्त कशाला, चार तर माणसं, असं म्हणणार होते. कर म्हटलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मिळाला!

कुणा रिटायर बाईंच्या माळ्यावरून रतनने आणला. एकेकाळी पांढरा असणार, आता हळदीच्या हाताने पुसल्यासारखा पिवळा. कॅसेट घातली की दोनदा काढून परत घालावी लागते. पोटात तोच डांबराचा थेंब. मी पाठ केली. रतनने लावला.

टुंग-टुंग-टिडिंग. सावकाश. नाकातून.

माझे हात उचलले गेले. भर दुकानात! तळवे समोर, भाकरी थापायला. रतनने बघितलं आणि वायर सारखी करत बसला. बरा माणूस आहे. केस कापेल तर आणखी बरा दिसेल.

जाताना म्हणाला, ‘हा सगळ्यात हलका मॉडेल आहे, परत सांगतो. संग्रहाला कोणी घेणार नाही.’ म्हटलं, माझ्या घरी संग्रह नाही, संसार होता.

घरी आणला तो पिठाच्या डब्यामागे ठेवला. लावून बघावा असं चारदा वाटलं. लावला नाही. लावला असता तर दिला नसता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

इंद्रजीत चपला घालत होता. म्हणाला, ‘मित्राकडे जाऊन येतो.’ मी पिशवी पुढे केली. म्हटलं, मित्राला दे. त्याने आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. ‘आई, काय सांगू?’ म्हटलं, सांगायचं काय त्यात, वायर लावायची. जोडीला चकल्यांचा डबा दिला. तो जिन्यावर नाक ओढत गेला. चाळिशी उलटली त्याची.

संध्याकाळी आला. कुंकू होतं. म्हणाला, घेतला. आणखी काय? म्हणाला, ‘घेतला आणि आत जाऊन दार लावलं.’ चकलीचा डबा परत आला नाही, हे मी बघून ठेवलंय. पुण्यात कोणी डबा ठेवून घेतं, ते परत द्यायला येण्यासाठीच. नाहीतर मुद्दाम न येण्यासाठी.

फोन उशाशी ठेवलाय. चार्जिंग भरलेलं आहे. दोनदा बघितलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वाजला. ‘आई.’ मी म्हटलं, हं. म्हणाली, ‘आवाज अगदी तोच आहे गं. रविवारी येते, चेतनला घेऊन.’ मी म्हटलं, हं. मग म्हणाली,

‘पण आई, मी कुठे खेळायचे? मी शेजारी बसून वाचायचे. खेळायचे बाबा. तुझ्या बांगड्या वाजल्या की रिमोट माझ्या मांडीवर टाकायचे.’